‘जुळले’ असं लिहिलं होतं

माझं अक्षर चांगलं आहे. सगळी गडबड तिथूनच सुरू झाली, म्हणून ते आधी सांगून टाकते.

मी यमुना रामटेके. नागपुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत मी तेहतीस वर्षं टेक्निशियन होते. कोणता दवाखाना ते विचारू नका, सांगणार नाही. राहणारी इंदोऱ्याची. कामावर शाळेतली मराठी बोलायची, पण डोकं सरकलं की घरची निघायची, आणि माझं डोकं सरकायला फार काही लागत नव्हतं. बिना-लेबलची बाटली घेऊन कोणी खिडकीवर आला की संपलाच. ‘यमुताईकडे जाऊन राहिला का? कानात बोळे घालून जाजो,’ असं वॉर्डबॉय एकमेकांना सांगायचे. मला ते ऐकू यायचं. बरंही वाटायचं, खोटं काहून बोलू?

डॉक्टर आनंदराव मोहरील मात्र माझ्याकडे यायचे ते डबा खायला. त्या काळात स्टाफरूममध्ये माझ्या डब्याजवळ कोणी बसत नव्हतं. कारण तोंडावर कोणी सांगत नव्हतं, इतकाच काय तो शिष्टाचार. छप्पन साली बाबासाहेबांबरोबर आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण लोकांच्या डोक्यातली जात काही आमच्याबरोबर दीक्षा घ्यायला आली नव्हती. मोहरील डॉक्टर स्टूल ओढून बसायचे, माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत अर्धं स्वतःकडे घ्यायचे आणि नाक पुसत म्हणायचे, “भिवापुरी मिरची ना? माणसाला मारता काय, यमुताई!”

हे डॉक्टर संशोधन करायचे. हृदयाची ऑपरेशनं आमच्याकडे नवी नवी सुरू झाली होती. हृदयाची आखडलेली झडप सर्जन बोटानं मोकळी करायचे, पेशंट उठून बसायचा, घरचे पेढे वाटायचे, आणि एखाद्याच्या किडन्या चौथ्या दिवशी बंद. बाळंतिणींचंही तसंच. रक्त दिलं की काहींच्या किडन्या बसायच्या. काहून बसतात? या एका प्रश्नापायी त्या माणसानं लग्न केलं नाही. खोलीच्या खिडकीत पेशंटांच्या लघवीच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या, उन्हात धरून ते रंग पाहायचे. पोरं त्यांना मुतरे डॉक्टर म्हणायची. त्यांना माहीत होतं. हसायचे.

रक्ताबद्दल त्यांना काही शंका आली की ते माझं रजिस्टर उघडायचे. “यमुताईंनी लिहिलं ना? मग झालं.” हे ते चार लोकांत म्हणायचे. सुरुवातीला मी फुगून जायची. सहासष्ट सालानंतर ते वाक्य ऐकलं की मला पळून जावंसं वाटायचं.

सहासष्टचा डिसेंबर, रविवारची दुपार. मी एकटीच ड्युटीवर. बाळंतिणींच्या वॉर्डातून चिठ्ठी आली. तुळजाबाई पराते, वय तीस, पाचवं बाळंतपण, रक्त थांबून नाही राहिलं. मी गट पाहिला, ओ निघाला. फ्रिजमध्ये ओ ची बाटली होती. आता खरी रीत अशी की पेशंटच्या रक्तातलं पाणी आणि बाटलीतलं रक्त काचेच्या नळीत एकत्र करायचं, कोमट पाण्यात ठेवायचं आणि पाऊण तासानं पाहायचं. मिश्रण साफ राहिलं तर जुळलं. कणीदार तुपासारखे दाणे धरले तर नाही जुळलं, ते रक्त द्यायचं नाही. यालाच क्रॉसमॅच म्हणतात. पण मरायला टेकलेल्या बाईपाशी पाऊण तास कुठून आणायचा? म्हणून आमच्याकडे दुसरीच रीत पडली होती. घाईची केस असली की रजिस्टरात आधी ‘जुळले’ लिहायचं, बाटली सोडायची आणि तपासणी मागून करायची. ओ ला ओ जुळणारच, त्यात काय मोठं? माझ्या आधीच्यांनी तसंच केलं आणि मला तसंच शिकवलं.

खिडकीसमोरच्या बाकावर त्या बाईचा कोणी माणूस बसला होता. शर्टाची बाही पार खांद्यापर्यंत गुंडाळलेली. “माहं घ्या ना जी बाई,” असं तो तीनदा म्हणाला. त्या काळात रक्त द्या म्हटलं की नातेवाईक लघवीला जातो सांगून गावी पोचायचे, आणि हा आपण होऊन मागे लागलेला. मी खेकसले, “आहे ना आमच्यापाशी! बाटली तयार आहे. जा तुम्ही, गर्दी नका करू.” तो काही गेला नाही, तसाच बसून राहिला. मी छान अक्षरात ‘जुळले’ लिहिलं आणि बाटली पाठवून दिली.

मग अर्ध्या तासानं सावकाश नळी लावली. दहाच मिनिटांत सहज पाहिलं तर दाणे. बारीक नाही, चांगले मोठे. मी धावत वॉर्डात गेले. रबरी नळीतून शेवटचे थेंब जात होते. बाटली संपली होती.

तिथे मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. पाचावर धारण बसली होती माझी. चोवीस वर्षांची होते, नोकरी कच्ची होती, घरात कमावणारी मी एकटी. परत येऊन मी मनाला समजावलं की नळी नीट धुतली नसेल, थंडी आहे, थंडीत कधी कधी खोटे दाणे धरतात. नळी नळाखाली धरली. पुन्हा तपासायला वेळ नव्हता असं नाही, हिंमत नव्हती. संध्याकाळी तुळजाबाईची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, रात्रीतून बंद झाली. सहाव्या दिवशी ती गेली.

मोहरील डॉक्टर आले. रजिस्टरातली ती ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि आपल्या वहीत उतरवून घेतली. केस नंबर सतरा. रक्त व्यवस्थित जुळलेले, तरी किडन्या निकामी.

या सतरा नंबरनं त्यांचं डोकं खाल्लं. बाकीच्या केसेसना कुठे ना कुठे कारण सापडायचं, हिला सापडेना. आधी त्यांनी बाटल्यांवर संशय घेतला, मग रबरी नळ्यांवर, मग आमच्या उन्हाळ्यावर. शेवटी सिद्धांत मांडला की काही घराण्यांच्या किडन्याच जन्मतः नाजूक असतात, त्यांना जुळलेलं रक्तही सोसत नाही. त्यासाठी आठ वर्षं गावोगाव फिरले. मी त्यांचे तक्ते सुंदर अक्षरात उतरवून द्यायची. रोज सकाळी आमच्या घरी पंचशील म्हणतात. पाणातिपाता होतं, अदिन्नादाना होतं, आणि चौथ्या शीलाशी, मुसावादा वेरमणीशी, म्हणजे खोटं बोलणार नाही म्हणताना, माझा आवाज बसायचा. आईला वाटायचं मला घशाचा आजार आहे. मिठाच्या गुळण्या करायला लावायची.

पंच्याहत्तरचा जानेवारी आला. हृदयाच्या वॉर्डात सुभद्रा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी भरती झाली. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप आखडली. तांडापेठेतलं विणकराचं घर. ही बसल्या बसल्या सुताच्या कांड्या भरायची, तर दोन कांड्यांत धाप लागायची. ओठ जांभळे, पण तोंड काही बंद नाही.

“काय वं बाई, माह्या रक्तात काय साखर हाय का?” मी तिसऱ्यांदा सुई घेऊन गेले तेव्हा म्हणाली. “रोज काढून राहिल्या. चहात टाकता का?”

मला हसू आलं नाही. गट ओ निघाला होता. शुक्रवारच्या ऑपरेशनसाठी एक ओ ची बाटली राखून ठेवायची होती. एक लावली, दाणे धरले. दुसरी लावली, दाणे. अकरा बाटल्या लावल्या. पाणी अंगाइतकं कोमट ठेवूनही दाणे मोडेनात. मी केसपेपर पालथा करून पाहिला. सुभद्रा धोंडबा पराते. आईचं नाव तुळजाबाई, मयत.

मी तिथेच स्टुलावर बसले.

मोहरील डॉक्टरांना नाव कळलं तेव्हा ते लहान पोरासारखे खूश झाले. “सतरा नंबरची मुलगी! यमुताई, आईच्या केसपेपरवर पत्ता नव्हता, आठ वर्षं मी हे घर शोधून राहिलो!” दाण्यांचं त्यांना फार वाटलं नाही. मुलीला खोकला होता, ताप येऊन गेला होता, थंडीचे दिवस होते. “तापानंतर थंडीत असे खोटे दाणे धरतात. आपल्या कोमट पाण्याच्या वॉटर बाथचा तरी काय भरवसा, काल दोनदा लाईट गेली. हिच्या आईला जुळलेलं रक्त मिळालं होतं, तुम्हीच लिहिलंय. दोष रक्तात नाही, या घरच्या किडन्यांत आहे. ताजी ओ बाटली कोमट करून देऊ आणि किडन्यांवर लक्ष ठेवू.” त्यांच्या शब्दाला वजन होतं. सर्जनही हो म्हणाले.

म्हणजे शुक्रवारी ती मुलगी आईच्याच वाटेनं जाणार होती. अख्ख्या दवाखान्यात हे मला एकटीला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, माझ्या मुठीत तिचा जीव होता. मी गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. उलट सिद्धांत खरा ठरला म्हणून डॉक्टरांचा सत्कार झाला असता, आणि तक्ते मीच उतरवून दिले असते.

दुसऱ्या दिवशी पंचशील म्हणताना मी चौथ्या शीलापाशी उठले, चपला घातल्या आणि सरळ त्यांच्या खोलीत गेले.

“सर, सतरा नंबर खोटा आहे.”

“म्हणजे?”

“मी आधी लिहिलं, मागून तपासलं. दाणे धरले होते. मोठे. तवर बाटली संपली होती.” इतकं बोलून माझी शाळेतली मराठी संपली. “म्या मारलं त्या बाईले, सर. अन् तुमाले आठ वर्षं येडं बनवलं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिडकीतली एक बाटली उचलून उगाच उन्हात धरली, तीत काहीच नव्हतं. मला वाटलं फेकून मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

“आठ वर्षं तुमच्या डब्यातलं खाल्लं मी,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “एकदा तरी बोलायचं.”

मी रडले. त्यांनी थांब म्हटलं नाही की पाणीही विचारलं नाही. मग त्यांनी वही ओढली आणि सतरा नंबरच्या पानावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. “मूर्ख तुम्ही एकट्या नाही. मी सगळ्या गावाचं मूत तपासलं आणि तुमचं रजिस्टर कधी तपासलं नाही. अक्षर चांगलं होतं म्हणून.” आणि एकदम ताडकन उठले. “थांबा. आईचंही ओ, बाटलीही ओ, आणि दाणे? आज मुलीचंही तेच?”

कपाटातून एक जाड पुस्तक काढून त्यांनी मला पान दाखवलं. बावन्न साली मुंबईत सापडलेला एक गट होता. साध्या तपासणीत तो ओ सारखा दिसतो, पण ओ नसतो. त्याला ओ चं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त त्याच गटाच्या माणसाचं चालतं. हजारो माणसांत एखादा सापडतो. आईबाप नात्यातले असले तर घरात जास्त.

धोंडबा पराते, म्हणजे सुभद्राचे वडील, व्हरांड्यात बिडी ओढत बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, “तुमची बायको नात्यातली होती का?”

“माह्या मामाचीच पोरगी जी. आमच्यात तसंच करतेत.”

त्यांचं रक्त लावलं, दोन लहान भावंडांचं लावलं, सगळ्यांचे दाणे. तुळजाबाईचं माहेरचं कोण आहे विचारलं तर धोंडबा खाली पाहू लागले. “एक भाऊ हाय. कवडू. उमरेडले माग चालवते. पण तो येनार नाही. तुळजा गेली तवापासून दवाखान्याची पायरी चढला नाही तो. म्हनते, रक्तानंच मारलं माह्या बहिनीले. लोक म्हनतेत, डोक्यात फरक पडला त्याच्या.”

सुभद्राच्या रक्तातलं पाणी एका कुपीत भरून, ती बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून मी दुपारच्या एसटीनं उमरेडला गेले. कवडू निनावे खड्ड्यातल्या मागावर बसून लुगडं विणत होते. चाळिशीचा माणूस, केस पांढरे. भाचीचं सांगितलं तेव्हा हात थांबला. दवाखान्याचं नाव काढलं तेव्हा पुन्हा सुरू झाला. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी मातीत बसून बोलत राहिले, ते माझ्याकडे पाहीनात.

शेवटी म्हटलं, “कवडूभाऊ, तुम्ही म्हणता ते खरं आहे. रक्तानंच मारलं. ते रक्त मी दिलं होतं.”

माग थांबला. त्यांची बायको यशोदा चुलीपासून उठून दारात आली. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. त्या माणसानं शिवी दिली नाही.

“आठ वर्षं मले लोक पागल म्हनून राहिले,” ते म्हणाले. “माही बायकोबी म्हने. म्याबी म्हनलो, असन बावा, असन मी पागल.” त्यांचे डोळे भरून आले. “काय लिवलं होतं तुह्या त्या वहीत?”

“जुळले.”

“तं आधी ते खोड. माह्यासमोर. मंग घे किती पाह्यजे तितकं.” आणि बोट पुढे केलं.

काचेच्या पट्टीवर त्यांच्या रक्ताचा थेंब घेतला, त्यात सुभद्राचं घातलं आणि पट्टी हलवत राहिले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. एकही दाणा धरला नाही. गुळगुळीत, लालभडक. मला आनंदानं हसू फुटलं. त्याच घटकेला इतकी लाज वाटली की कवडूभाऊंकडे वर मान करून पाहता येईना.

सुभद्राचं काय झालं ते इथेच सांगते, उगाच जीव टांगणीला नको. ऑपरेशन झालं, मामाची बाटली लागली, आणि चौथ्या दिवशी तिची लघवी पिवळीधमक. मोहरील डॉक्टरांनी ती बाटली दिवसभर खिडकीत ठेवली होती. माझी चौकशी झाली. दोन वर्षं मलेरियाच्या काचपट्ट्या तपासायला बसवलं, ते योग्यच झालं. डॉक्टरांनी सिद्धांत मागे घेतला, सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं, आणि आमच्याकडचा ‘आधी लिहा, मग करा’ हा धंदा बंद करवला. सहा महिने ते माझ्या डब्याकडे फिरकले नाहीत. सातव्या महिन्यात मलेरियाच्या खोलीत आले, स्टूल ओढलं आणि अर्धं भरीत स्वतःकडे घेतलं.

पण मला सांगायचं आहे ते ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं.

कवडूभाऊ सकाळच्या गाडीनं आले. पायरीशी थबकले, कपाळाला हात लावला आणि चढले. मी सहासष्टचं रजिस्टर काढून ठेवलं होतं. लाल शाईनं ‘जुळले’ वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘जुळले नव्हते. तपासणीआधी लिहिले. यमुना रामटेके.’ खाली मोहरील डॉक्टरांनी सही केली. कवडूभाऊंना वाचता येत नव्हतं. “वाच,” म्हणाले. वाचलं. “अजून एकडाव वाच.” पुन्हा वाचलं. मग ते खाटेवर जाऊन निजले.

बाटली भरली. हातात घेतली तेव्हा कोमट लागत होती. मी त्यांना बाहेर बसवून चहा दिला आणि आत येऊन नळी लावली. सर्जनचा माणूस दोनदा विचारून गेला, “झालं का यमुताई? लिहून टाका ना.” मी त्याला असं झापलं की तो तिसऱ्यांदा आला नाही. पूर्ण पाऊण तास घड्याळाकडे पाहत बसले. नळी उजेडात धरली. साफ. तेव्हा लिहिलं.

बाहेर आले. कवडूभाऊ खिडकीसमोरच्या बाकावर बसले होते. चहा तसाच निवलेला. एका हाताला मी बांधलेली पट्टी होती, आणि दुसऱ्या हाताची बाहीही त्यांनी पार खांद्यापर्यंत गुंडाळून ठेवली होती, अजून लागलं तर असू द्यावं म्हणून. ती बाही पाहिली आणि मी दारातच थांबले.

“जुळलं, भाऊ,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

“तुळजाले हेच रगत पाह्यजे होतं का वं बाई?”

“हो.”

“मंग तवा काहून नाही घेतलं?” ते म्हणाले. रागानं नाही, खरंच विचारत होते. “मी तं इथंच बसलो होतो. याच बाकावर.”